सड्यावरील हत्ती

रत्नागिरीहून राजापूरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला एकाच वाटेवर दोन कोकणे भेटतात. एक खालचे कोकण. त्यात नारळी-पोफळीच्या बागा असतात, पऱ्ह्याकाठी भाताची खाचरे असतात आणि कौलारू घरांची अंगणे सारवलेली असतात. चढण संपताच दुसरे, वरचे कोकण लागते. तेथे झाड नाही, सावली नाही. नजर पोहोचेल तेथवर तांबूस-काळा खडक उघडा पडलेला आहे. त्याला तेथील लोक सडा म्हणतात. वैशाखात हा सडा तव्यासारखा तापतो. श्रावणात त्याच खडकाच्या खळग्यांतून इवली इवली रानफुले उमलतात आणि तो ओळखू येईनासा होतो. खालच्या कोकणाचे कौतुक पुष्कळांनी केले. वरच्या कोकणाची विचारपूस मात्र फारशी कोणी केली नाही. गुराख्यांनी तेथे गुरे चारली, लोकांनी पावसाळी गवत कापून नेले, आणि सरकारी दप्तरात त्या जमिनीची नोंद पडीक म्हणून झाली.

या पडीक जमिनीवर एक हत्ती आहे. राजापूर तालुक्यातील कशेळी गावच्या सड्यावर खडकात रेषा कोरून तो काढलेला आहे. त्याची लांबी सुमारे १८ मीटर व रुंदी सुमारे १३ मीटर भरते.  त्याच्या देहाच्या रेषेच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत, जलचर आहेत, पक्षी आहेत; जणू एका हत्तीने सारे रान आपल्या पोटात साठवून ठेवले आहे. खडकाशेजारी उभे राहिलेल्या माणसाला हा हत्ती एकदम दिसत नाही. आधी एक चर दिसतो, मग दुसरा, आणि त्यांच्या मागोमाग चालत गेल्यावर ही सोंड आहे, हा पाय आहे, असे हळूहळू ध्यानात येते. सकाळी किंवा सायंकाळी उन्हे तिरपी झाली, की रेषांच्या कडांची सावली पडते आणि चित्र उठून दिसते. भर दुपारी त्याच जागेवरून कोणी चालत गेला, तर हत्तीवरून गेल्याचे त्याला कळणारही नाही.

अशी चित्रे कशेळीलाच आहेत असे नाही. उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू अशा रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक गावांच्या सड्यांवर ती सापडली आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडोपीला ती आहेत, आणि गोव्यातही कुशावती नदीच्या काठच्या खडकावर आहेत. मराठीत त्यांना कातळशिल्प असे नाव पडले आहे. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सत्तरांहून अधिक ठिकाणी मिळून दीड हजारांवर आकृती मोजल्या गेल्या आहेत. त्यांत हत्ती, वाघ, हरणे, मासे व मोर आहेत, माणसे आहेत, आणि ज्यांचा अर्थ अद्याप कोणालाही लागलेला नाही अशा चौकटी व नक्षीही आहेत. नवल वाटावे अशी गोष्ट ही, की त्यांत गेंडाही आहे. गेंडा कोकणात आज कोठेच नाही. पण गुजरातेत लांघणज येथे उत्खनन झाले तेव्हा अश्मयुगीन माणसाच्या वस्तीत गेंड्याची हाडे मिळाली होती. म्हणजे पश्चिम भारतातील माणसाने एके काळी गेंडा प्रत्यक्ष पाहिला होता. कोकणातल्या चित्रकाराने तो कोठे पाहिला असेल, हा प्रश्न अजून खुला आहे.

ही चित्रे कोणी काढली? कोकणात ज्या कामाचा कर्ता ठाऊक नसतो ते पांडवांनी केले असे मानण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीप्रमाणे हेही श्रेय पांडवांना देता येईल. पण अभ्यासकांचे तेवढ्याने समाधान होत नाही. या चित्रांत शिकारीचे प्राणी आहेत. नांगर नाही, पेरणी नाही, शेतीचे एकही काम नाही. त्यावरून ज्यांना शेती ठाऊक नव्हती, जे शिकार करून आणि कंदमुळे वेचून राहत, अशा लोकांची ही कला असावी असे पुराणवस्तुसंशोधक म्हणतात. हा अंदाज खरा ठरला, तर या रेषा दहा हजार वर्षांच्या किंवा त्याहूनही जुन्या असू शकतील. काही अभ्यासकांना हा काळ इतका मागे नेणे पटत नाही. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला एक माणूस कोरलेला आहे. दोन वाघांमधला माणूस सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही आहे. त्या दोहोंत खरोखरच नाते आहे, की माणसाच्या मनाला एकच कल्पना दोन ठिकाणी सुचली, याचा निर्णय करण्याची घाई कोणी न केलेली बरी.

काळ नक्की का सांगता येत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण या चित्रांच्या रक्षणाचा सारा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. लाकूड, कोळसा किंवा हाड सापडले, तर प्रयोगशाळेत त्याचे वय काढता येते. खडकात कोरलेल्या रेषेचे वय तसे काढता येत नाही, कारण तेथे काही ठेवलेले नसते. असते ती केवळ काढून टाकलेल्या दगडाची पोकळी. मग पुरावा शोधायचा तो आजूबाजूला. रेषा कोरणारा माणूस जेथे बसला, जेथे त्याने आपली हत्यारे घडविली, जेथे त्याने चूल पेटविली, त्या जागेतल्या मातीत त्याचा काळ दडलेला असतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कोळोशी गावाजवळच्या गुहेत उत्खनन झाले, तेव्हा तेथे दगडी हत्यारे मिळाली. सड्यांच्या परिसरातही अशा गारगोटीच्या छिलक्यांचा शोध चालू आहे. चित्राभोवतीची माती यंत्राने खरडून नेली, तर चित्र जागच्या जागी राहील, पण त्याची जन्मपत्रिका कायमची हरवेल.

या सड्यांवर यंत्र पूर्वीच येऊन पोहोचले आहे. सड्याचा खडक जांभ्याचा आहे. जांभा खणताना मऊ असतो आणि उघड्या हवेत काही काळ राहिला की कठीण होतो. बुकानन नावाच्या स्कॉटिश प्रवाशाने मलबारात लोकांना हा दगड विटेसारखा कापताना पाहिले आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन नावावरून त्याला नाव दिले. याच गुणामुळे कोकणातील घरे, विहिरी, देवळे आणि कुंपणे जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधली जातात. वरचे कठीण कवच हजारो वर्षे उन्हापावसाला तोंड देऊन राहते, म्हणून त्यावर कोरलेला हत्तीही राहिला. ज्या गुणाने चित्र टिकविले, त्याच गुणामुळे आज चिरेखाणीवाला तो सडा विकत मागतो आहे. पूर्वी हाताने चिरा काढणाऱ्या माणसाला एखादी रेषा दिसली, तर तो थबकून पाहत असे. फिरत्या पात्याचे यंत्र थबकत नाही. खाणींखेरीज रस्ते आहेत, घरांसाठी पाडलेले भूखंड आहेत, आणि कातळ फोडून, त्यात माती भरून लावलेल्या आंब्या-काजूच्या बागा आहेत. यांपैकी एकही काम वाईट हेतूने केले जात नाही. किंबहुना खडकावर कलम जगविणाऱ्या शेतकऱ्याच्या कष्टांना तोड नाही. पण खाली काय आहे हे ठाऊक नसल्याने ते नष्ट होते.

ठाऊक नसणे, हेच या गोष्टीतील खरे दुखणे आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडेच्या सडे पायी धुंडाळले. मातीने व गवताने बुजलेल्या रेषा झाडून मोकळ्या केल्या. २०१८ पर्यंत ५२ गावांच्या परिसरात सुमारे ४०० चित्रे मिळाली होती. त्यांपैकी जेमतेम पाच गावांतील लोकांना ती असल्याची माहिती होती. या शोधात शाळांचीही मदत झाली. मुलांनी घरी जाऊन आजोबा-आजींना विचारावे, सड्यावर कोठे चित्र पाहिल्याचे आठवते का, असे त्यांना सांगण्यात आले. पुस्तकात एक ओळही नसलेला इतिहास अशा रीतीने घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून बाहेर आला. गुरांमागे हिंडलेल्या म्हाताऱ्यांना सड्याची जी माहिती होती, ती कोणत्याही नकाशात नव्हती.

आता माहिती झाल्यावर पुढे काय करावे? याचे उत्तर कायद्यात आहे. १९५८ साली भारताच्या संसदेने प्राचीन स्मारके व पुराणवस्तुस्थळे यांच्या रक्षणासाठी कायदा केला. राज्य झाल्यावर महाराष्ट्रानेही तशाच स्वरूपाचा आपला कायदा केला. केंद्राच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या आणि महत्त्वाच्या जागेला संरक्षित म्हणून घोषित करता येते. आधी तसा इरादा राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो आणि त्या सूचनेची एक प्रत स्थळाजवळ ठळक जागी लावावी लागते. त्यानंतर दोन महिने कोणालाही हरकत घेता येते. हरकतींचा विचार झाल्यावर अंतिम घोषणा होते. जी स्थळे केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत, त्यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगीवाचून करता येत नाही. हे अंतर इतके का, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी चित्राभोवतीच्या मातीत दडलेल्या पुराव्याची गोष्ट आठवावी.

कोकणातील कातळशिल्पांचे नाव २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घेतले गेले. नऊ ठिकाणे त्यात आहेत. आठ महाराष्ट्रातील आणि एक गोव्यातील. ही गोष्ट अभिमानाची आहे, यात शंका नाही. तथापि संभाव्य यादी म्हणजे उमेदवारांची यादी. तीत नाव आले म्हणून एखाद्या खाणीचे यंत्र थांबत नाही. ते थांबविण्याचे सामर्थ्य देशातल्या व राज्यातल्या कायद्यात आहे. राज्य शासनाने काही स्थळांच्या संरक्षणासाठी पावले उचलली आहेत. परंतु चित्रे शेकडोंनी आहेत, आणि नवी अजून सापडतच आहेत. जी नऊ ठिकाणे प्रसिद्ध आहेत त्यांना पाहुणे भेटतील, छायाचित्रकार भेटतील. ज्या सड्यावर एकच मासा आणि दोन अर्धवट रेषा आहेत, त्याचा कैवार कोण घेणार?

किल्ल्यांशी तुलना केली की हा भेद चटकन लक्षात येतो. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य झाले. त्यांत याच किनाऱ्यावरचे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. किल्ल्यांच्या पाठीशी बखरी आहेत, पोवाडे आहेत, छत्रपतींचे नाव आहे. त्यांच्या बुरुजाचा एक दगड ढासळला, तर दहा माणसे हळहळतात. कातळावरच्या हत्तीचा मात्र कोणी राजा नाही, त्याची भाषा कोणाला येत नाही, त्याच्या चित्रकाराचे वंशज कोण हेही सांगता येत नाही. ज्याच्या बाजूने बोलणारे कोणीच उरले नाही, त्याच्यासाठी कायद्याने बोलावे, हे न्यायाला धरून आहे.

याविरुद्ध एक बाजू आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सडा बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी मालकीचा आहे. दोन-चार एकर कातळ हीच ज्याची मिळकत, त्या शेतकऱ्याच्या जमिनीत चित्र सापडले, तर त्याला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटते. जमीन जाणार, चिरेखाणीचे भाडे बुडणार, घर बांधायला परवानगी मिळणार नाही, असे त्याच्या कानावर येते. मग कोणाला कळण्याआधी चित्रावर माती लोटून मोकळे व्हावे, असा विचार एखाद्याच्या मनात आला, तर त्याला केवळ दोष देऊन भागणार नाही. कायदा मालकी हिरावून घेतोच असे नाही. मालकाशी करार करून, जागा भाड्याने घेऊन किंवा विकत घेऊनही संरक्षण देता येते. पण ही गोष्ट त्या शेतकऱ्याला त्याच्या अंगणात बसून कोणी समजावून सांगितली पाहिजे, आणि त्याचे जे नुकसान होईल ते वेळेवर भरून दिले पाहिजे. साऱ्या जगाचा वारसा सांभाळण्याचा खर्च एका गरीब खातेदाराने सोसावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

दुसरा आक्षेप मोठ्या कामांच्या बाजूने घेतला जातो. कोकणातील तरुण पोटासाठी मुंबईला जातो; त्याला गावातच काम हवे असेल, तर कारखाने कोठे तरी उभारावेच लागतील, असे म्हणतात. २०२२ साली राज्य शासनाने बारसूचा परिसर तेलशुद्धीकरणाच्या प्रकल्पासाठी सुचविला. २०२३ च्या एप्रिल महिन्यात जमिनीच्या तपासणीचे काम सुरू झाले, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. विरोधाची कारणे अनेक होती. बागा होत्या, मासेमारी होती, पाणी होते. त्यांत कातळशिल्पेही होती. कारखाना हवा की नको, याचा वाद मोठ्यांनी मोठ्या सभांत करावा. एवढे मात्र कोणालाही मान्य व्हावे, की नोंद आधी झाली पाहिजे आणि खणणे मागाहून. यंत्र दाराशी आल्यावर चित्राची आठवण झाली, तर जो ते वाचवू पाहतो तो प्रगतीचा वैरी ठरतो, आणि जो खणतो तो कलेचा मारेकरी ठरतो. दोघांवरही अन्याय होतो. चित्र कोठे आहे हे नकाशावर पाच वर्षे आधी उमटले असते, तर रस्ता थोडा वळविता आला असता, खाण पलीकडच्या सड्यावर नेता आली असती.

चित्रच उचलून दुसरीकडे नेता येणार नाही काय? हाही विचार सुचतो, आणि त्याला आधारही आहे. नागार्जुनसागरचे धरण बांधले जात असताना नागार्जुनकोंड्याचे प्राचीन अवशेष पाण्याखाली जाणार होते. १९५४ ते १९६० या काळात तेथे मोठे उत्खनन झाले आणि निवडक अवशेष टेकडीच्या माथ्यावर पुन्हा उभारण्यात आले. ती टेकडी आज जलाशयातील बेट आहे. इजिप्तमध्ये अबू सिंबेलची मंदिरे कापून सुमारे पासष्ट मीटर उंच चढविण्यात आली. ही कामे थोर होती, पण नाइलाजाची होती. शिवाय मंदिर दगडांवर दगड रचून किंवा डोंगर पोखरून केलेले असते. कातळशिल्प सड्याच्या अंगावरच असते. त्या हत्तीला आकाश हवे, वारा हवा, दूरवर दिसणारा समुद्र हवा. त्याचे तुकडे करून संग्रहालयाच्या भिंतीशी उभे केले, तर उरतील त्या दगडावरच्या काही रेघा.

रत्नागिरी तालुक्यातील उक्षी गावाने जे केले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथेही कातळावर एक हत्ती आहे, कशेळीच्या हत्तीहून लहान. गावकऱ्यांनी त्याच्याभोवती जांभ्याचाच गोल कठडा उभारला. आता त्यावरून गुरे जात नाहीत, गाड्या जात नाहीत, आणि पाहणाऱ्याला कठड्यापाशी उभे राहून सबंध हत्ती एका नजरेत दिसतो. ज्या दगडाच्या चिऱ्यांसाठी इतर सडे फुटत आहेत, त्याच दगडाचे चिरे येथे चित्राच्या राखणीस बसले आहेत. कठडा म्हणजे कायदा नव्हे; उद्या कोणी तो पाडायला निघाला, तर त्याला अडविण्यास राजपत्रातली घोषणाच लागेल. पण घोषणेसाठी शासनाच्या दारी जाणाऱ्या गावाने आधी आपल्या हाताने काही केलेले असले, की त्याच्या अर्जाला वजन येते.

असा अर्ज करणे फार अवघडही नाही. चित्र ज्या जमिनीत आहे तिचा सर्व्हे नंबर, चित्राची लांबी-रुंदी, त्याचे रेखाटन, दोन-चार छायाचित्रे, जमीनमालकाचे म्हणणे आणि ग्रामसभेचा ठराव, एवढे कागद जुळविले की ते पुरातत्त्व खात्याकडे पाठविता येतात. रेखाटन करताना रेषांत खडू किंवा रंग भरू नये, आणि टोकदार वस्तूने माती उकरू नये. मऊ केरसुणी पुरते. मोजमापासाठी पाऊस संपल्यानंतरचे दिवस बरे. तेव्हा गवत वाळू लागलेले असते, वरची माती धुऊन गेलेली असते, आणि खोलगट रेषांत कोठे कोठे पाणी साचून राहिलेले असते. सकाळच्या उन्हात ते पाणी चमकते, आणि लांबून पाहणाऱ्याला सोंडेपासून शेपटीपर्यंत हत्ती दिसू लागतो.